साफ आवाजाचा हट्ट

माझ्या बायकोच्या मामांनी एखादी गोष्ट मनावर घेतली, की उरणच्या खाडीची भरती एक वेळ अर्ध्या वाटेवरून माघारी जाईल, पण मामा जाणार नाहीत. मी बोर्ली पंचतनचा. आमच्याकडेही माणसं हट्ट धरतात, पण जेवायची वेळ झाली की सोडतात. मामा हट्टासकट पानावर बसतात आणि हात धुऊन उठेपर्यंत तो आणखी पक्का झालेला असतो. त्यांच्या घरची मिठागरं गेली आणि ट्रेलर आले. आता बंदरातले कंटेनर ओढायचा धंदा आहे. पण कुणी विचारलं तर मामा स्वतःला गिटारवाले म्हणवतात, कारण मिसरूड फुटल्यापासून ते हळदीच्या बँडमध्ये गिटार वाजवत आले आहेत.

त्यांचं सगळं जग कानावर चालतं. कलिंगड टिचकी मारून घेणारे पुष्कळ असतात; मामा खुर्चीसुद्धा वाजवून बघतात आणि मग बसतात. आमच्या नव्या फ्लॅटवर पहिल्यांदा आले तेव्हा पाण्याच्या ग्लासाला हात लावायच्या आधी त्यांनी सगळ्या भिंती ठोकल्या आणि म्हणाले, "जावय, हॉलची भिंत बोलते, बेडरूमची मुकी हाय. बिल्डरला विचारा." मी विचारलं. बिल्डर अजून विचारच करतो आहे. एकदा त्यांच्या ड्रायव्हरचा घाटातून फोन आला, की इंजिनातून खडखड ऐकू येते. "फोन इंजिनाजवळ धर," मामा म्हणाले, आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "इंजिन न्हाय ते. तुज्या शीटमागं जेवणाचा डबा हाय, तो वाजतोय." आणि खरोखरच डबा होता.

अशा माणसाच्या मुलीचं लग्न ठरलं. मामांच्या आत्या धवलारीण. म्हणजे आगरी लग्नात प्रत्येक विधीला धवले गाणारी बाई; तिच्या गाण्याशिवाय पूर्वी हळकुंडसुद्धा हलत नसे. पंचक्रोशीतल्या दोन पिढ्यांची लग्नं आत्यांनी गाऊन लावली. पण आता त्यांचा आवाज बारीक झाला होता, सुराला आधार नसला की श्वास तुटायचा, आणि त्यांच्या जागी डीजे बोलवावा असं घरातली तरणी मंडळी हळूहळू सुचवू लागली होती. मामांनी जाहीर केलं, "आत्याच गाणार. आधार मी देतंय."

आणि पहिल्याच तालमीत तो आधार आत्यांच्या अंगावर कोसळला. मामांची लाल गिटार अर्धपोकळ जातीची: मधोमध लाकडी ठोकळा आणि दोन्ही कुशी रिकाम्या. हळदीच्या गोंगाटात ती वाघासारखी वाजे. पण शांत धवल्याखाली तिचा खर्ज नुसता घुमत राहिला, पिंपात तोंड घालून कुणी बोलावं तसा. आत्या मध्येच थांबल्या. "पोरा, तुजी गितार बोलते तवा माजे शबूद बुडतान," त्या म्हणाल्या. "मंग मी गप बसन. तू वाजव."

हे त्या रागावून म्हणाल्या नव्हत्या, म्हणूनच मामांना लागलं. बँडवाल्यांनी आवाज कमी करा म्हणून सांगितलं. कमी केला, तर घुमणं तसंच राहिलं आणि आधार तेवढा गेला. मामी म्हणाल्या, नवी गिटार घ्या. "गितार चांगली हाय," मामा म्हणाले, "तिचे पिकअप बदलाचे." पिकअप म्हणजे तारांखालच्या लोहचुंबकाच्या पट्ट्या, तारेची थरथर उचलून स्पीकरला पोचवणाऱ्या. मामांच्या गिटारीतले चांगलेच तापट होते, बारीक थरथरीचाही गडगडाट करणारे.

मुंबईच्या वाद्यांच्या दुकानात मी सोबत होतो. विक्रेत्यानं अदबीनं सर्वांत जोरदार पिकअप पुढे केले. "जोर नको," मामा म्हणाले. "जोर माज्या ट्रेलरला हाय. मना साफ पायजे." मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला, त्यावर आत्यांचा धवला लावला, आणि वेगवेगळे पिकअप बसवलेली एकेक गिटार घेऊन त्या आवाजाखाली वाजवू लागले. ड्रम बघायला आलेली मंडळी ड्रम सोडून आमच्याभोवती उभी राहिली. एका पिकअपला मामा म्हणाले, "हा शबूद खातो." दुसऱ्याला, "हा साफ हाय, पण टोचतो. आत्याला डास चावल्यासारखा होईल." दुपार टळली. शेवटी तारेचे कमी वेढे दिलेले, मवाळ चुंबकाचे पिकअप लावलेली एक गिटार हातात आली आणि मामा एकदम हळू वाजवू लागले. आत्यांचा शब्द न् शब्द वर तरंगत होता. विक्रेता म्हणाला, "काका, हे आमच्याकडचे सगळ्यात कमजोर आहेत." "व्हय," मामा म्हणाले, "तेच बांधा."

बसवणं हा वेगळाच प्रकार. या गिटारीला मागे झाकण नसतं. बटणं, वायरी, सगळं पोटातलं सामान पुढच्या नागमोडी भोकातून बाहेर काढायचं आणि तिथूनच परत आत घालायचं. मामांनी प्रत्येक बटणाला मासेमारीचा तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बांधला. वायरींना डाग देऊन झाल्यावर ते सामान आत सारत होते आणि मी बटणांच्या भोकांतून बाहेर काढलेली तंगसाची टोकं, काही बोटांत, एक दातांत धरून, हळूहळू ओढत होतो. मामींनी स्वयंपाकघरातून विचारलं, "लागला का मासा?" मी हसलो, दातांतलं टोक सुटलं आणि एक बटण पोटात गडप झालं.  मामांनी गिटार कानाशी धरून हलवली, "डाव्या कुशीला हाय" म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

लावून पाहिलं, तर खर्ज अजून किंचित जड. मामांनी स्क्रू फिरवून पुढचा पिकअप तारांपासून थोडा खाली घेतला, वाजवलं, आणखी खाली घेतला. आत्या शेजारी सुकट निवडत बसल्या होत्या. त्या आपसूक गुणगुणू लागल्या, मग गाऊ लागल्या, आणि या वेळी मध्ये थांबल्या नाहीत.

लग्नात मांडवभर आत्यांचे शब्द पोचले. मागच्या रांगेतल्या बायकासुद्धा ओळी उचलत होत्या. नाचापुरता बोलावलेला डीजेही आला होता, तो हात बांधून ऐकत उभा राहिला. जेवणाच्या पंगतीत एक पाहुणा मामांना म्हणाला, "गितार बिघडली काय हो? वाजलीच न्हाय आज." मामांनी त्याला जवळजवळ मिठीच मारली आणि हाताला धरून मांडवभर फिरवलं: "ऐका, हा काय बोलतोय ऐका!"

पुढच्या वर्षी आत्यांचा श्वास आणखी आखूड झाला आणि गाणं बंद पडलं. पण लग्नांना त्या अजून जातात. हळदीच्या वेळी मामांशेजारी पाट टाकून बसतात. मामा धवला हळूच वाजवतात, आत्यांचे ओठ हलत असतात. आवाज येत नाही. मामा तारांकडे बघत नाहीत. त्या ओठांकडे बघत पुढची ओळ घेतात, आणि आत्यांना दम लागला की तेही थांबतात.