परदेशाची घरातली तालीम

माझ्या धाकट्या बहिणीने चौतीस वर्षं हॉस्पिटलचं स्टोअर सांभाळलं. कुठली बाटली कुठल्या रॅकच्या कितव्या खणात आहे हे ती घरून, फोनवर सांगायची, आणि बाटली तिथेच असायची. नवा वॉर्ड उघडायचा म्हटलं की मोठे डॉक्टर फीत कापायची घाई करत. ही आडवी यायची. आधी तालीम. एका धडधाकट शिपायाला पेशंट करून खाटेवर झोपवायचं आणि चोवीस तास वॉर्ड चालवायचा. मग कळायचं की खाट दारातून वळतच नाही, किंवा दिव्याचं बटण पेशंटच्या हाताला येत नाही. कागदावर सगळं बरोबरच असतं, असं ती म्हणायची, आणि ते कौतुक नसायचं.

तिचा नवरा, म्हणजे आमचे मेहुणे, बस डेपोत रात्रपाळीचे कंट्रोलर. उद्याच्या गाड्या, उद्याचे ड्रायव्हर, कोण आजारी, कुठली गाडी बंद, याची जुळवाजुळव रात्रभर करायची आणि सकाळच्या गाड्या सुटल्या की घरी येऊन झोपायचं. डेपोत त्यांना ‘घड्याळ’ म्हणत. तोंडावर.

दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले आणि दहा महिने परदेशात राहायचं ठरलं. फिरायचं नाही, राहायचं, यावर दोघांचा भर. एकेका गावात महिनाभर खोली घ्यायची, कारण महिन्याने घेतली की भाडं निम्म्यावर येतं. स्वयंपाक खोलीवर. विमान कमी, बस आणि आगगाडी जास्त. गर्दीचा हंगाम टाळायचा. इथलं घर भाड्याने द्यायचं, आणि ते भाडं अधिक दोन पेन्शनी यांत सगळं बसवायचं. ठेवींना हात लावायचा नाही. कुठला देश किती दिवस राहू देतो ते पाहून मेहुण्यांनी मुक्कामांचा तक्ता केला. बहिणीने रक्तदाबाच्या गोळ्या मोजल्या आणि डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं, कारण सरहद्द ओलांडली की गोळीचं नाव बदलतं, रक्तदाब तोच राहतो. सामान माणशी एक पिशवी, सात किलो.

एकच गोष्ट त्यांच्या हातात नव्हती. पाच आठवड्यांनी मेहुण्यांना साठ पूर्ण होत होती आणि साठीनंतर प्रवासाच्या विम्याचा हप्ता दुप्पट होणार होता. तो झेपणारा नव्हता. म्हणजे विमा आणि तिकिटं त्याच्या आत काढायची, नाहीतर बेत बुडाला. आणि तिकिटं अशी की काढली की पैसे परत नाहीत.

दुसरं कुणी असतं तर धावत जाऊन तिकिटं काढली असती. हिने तालीम लावली. तीस दिवस स्वतःच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायचं. बाकी खोल्यांना कुलूप, किल्ल्या माझ्याकडे. एक शेगडी, दोन भांडी, पिशव्यांत मावेल तेवढेच कपडे, आणि रोजच्या खर्चाचा आकडा इथल्या भावाने उतरवून तेवढेच पैसे. मी विचारलं, पासपोर्टवर शिक्का कोण मारणार, मी? मेहुणे गंभीरपणे म्हणाले की किल्ल्या तुमच्याकडे आहेत ताई, तेव्हा सरकार तुम्हीच.

दहा दिवस झकास गेले. पैसे उरत होते. सामानातून एक स्वेटर गळला, कपडे वाळत घालायची दोरी वाढली. अकराव्या दिवशी भर दुपारी धाकटी माझ्या दारात उभी. हातात ती सात किलोची पिशवी. चपला न काढताच बसली.

पैसे संपले का? नाही. भांडलात? नाही. मग पिशवी फाटली का?

“ताई, हे दिवसभर असतात गं.”

मला हसू आलं ते मी आवरलं नाही. पण मनात हिशोब केला आणि पटलं. चौतीस वर्षं ती दिवसा कामावर, ते रात्री. दोघं जागे आणि एकत्र असे फक्त संध्याकाळी सहा ते आठ. त्या दोन तासांत जेवण व्हायचं, आणि पाळी बदलताना चार्ज देतात तशा बातम्या दिल्या-घेतल्या जायच्या. आज हॉस्पिटलात काय झालं, काल डेपोत कोण कुणावर ओरडलं. इतका हसरा संसार मी दुसरा पाहिला नाही, माझा स्वतःचा धरून. निवृत्तीनंतरही चार महिने ती नव्या माणसाला स्टोअर समजावायला जातच होती, त्यामुळे हा घोळ आजवर उघडाच पडला नव्हता.

आता ती भाजी चिरू लागली की मेहुणे शेजारी उभे. बाजाराला निघाली की हे चपला घालून तयार. आणि सांगायला काही उरलं नव्हतं, कारण तिने जे पाहिलं ते त्यांनीही पाहिलेलंच असायचं. आदल्या दिवशी जेवताना दोघं गप्प बसली होती. तेच तिला लागलं होतं. म्हणाली, दहा महिने असं गेलं तर जे आहे तेही घालवून परत येऊ. नको तिकिटं, नको काही. तिचे डोळे भरले. मला ते बघवेना, म्हणून मी तिच्यापुढे मटार सोलायला टाकले आणि विचारलं, खाट दारातून गेली नाही तर तू वॉर्ड रद्द करायचीस का?

“नाही,” ती म्हणाली. “दार मोठं करायचो.”

आणि मटारांची परडी स्वतःकडे ओढली.

संध्याकाळी मेहुणे तिला न्यायला आले. पडलेल्या चेहऱ्याने आले, पण करमेना म्हणून दुपारी डेपोत जाऊन आले होते आणि तिथे नव्या कंट्रोलरने एकाच गाडीवर दोन ड्रायव्हर लावले होते. दोघेही उतरायला तयार नाहीत, गाडीतले लोक पैजा लावतायत. हे सांगता सांगता ते फुलले. तिच्याकडे माझ्या शेजारणीच्या बातम्या होत्याच. दोघं एकदमच बोलू लागली. दोनदा चहा झाला, मी करून दिला, मला कुणी काही विचारलं नाही. मध्येच ती थांबली आणि तिने माझ्याकडे कागद मागितला. खर्चाचं नवं कलम लिहिलं: वेगळं.

रोज सकाळच्या चहानंतर दोघांनी दोन दिशांना जायचं. म्हणजे बसचे पास दोन, फोनची कार्डं दोन, बाहेरचं खाणं दोन ठिकाणी. मेहुण्यांनी कागद वाचला. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे मी नको?”

“सहाला हवे आहात. रोज.”

त्यांनी कागद तिला परत दिला. मग म्हणाले, सहाला पाच कमी असताना आलो तर चालेल का.

बेरीज केली तेव्हा त्या कलमाने महिनाभराचा खर्च खाल्ला. दहाचे नऊ महिने करायचे, तर एक गाव कापायला हवं. तिने आपल्या आवडीचं गाव कापलं, त्यांनी ते परत घालून स्वतःचं कापलं, असं अर्धा तास. शेवटी मी डोळे मिटून तक्त्यावर बोट ठेवलं आणि दोघांना घरी घालवलं.

उरलेल्या तालमीत ती अठ्ठावन्नाव्या वर्षी पोहायला शिकली. पोहण्याच्या पोशाखासाठी पिशवीतून एक साडी काढावी लागली. मेहुणे रोज एक बस पकडून शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचे. चौतीस वर्षं ज्या गाड्या त्यांनी सोडल्या त्या कुठे जाऊन थांबतात हे त्यांनी दिवसाउजेडी पाहिलंच नव्हतं. एक म्हणे चक्क शेतात थांबते, आणि ड्रायव्हर तिथे मुळ्याच्या जुड्या विकत घेतो.

साठीला चार दिवस असताना तिघं तिकिटं काढायला गेलो. विम्याचे कागद झाले, तारखा झाल्या. तिकीटवाल्याने दोन शेजारच्या जागा दाखवल्या, एक खिडकीची. धाकटी म्हणाली, एक पुढची द्या आणि एक अगदी मागची. तो माझ्याकडे बघू लागला. वयस्कर बाई सोबत आलीय म्हणजे प्रकरण नाजूक आहे, असं त्याला वाटलं असावं. हळूच म्हणाला, अकरा तासांचा प्रवास आहे, मॅडम, एकदा विचार करा.

“केलाय,” ती म्हणाली. “उतरल्यावर एकमेकांना सांगायला काही नको का?”

मेहुण्यांनी मागची घेतली. तिथून म्हणे सगळं विमान दिसतं.