पाट्यावरचं हिरवं वाटण

कापसाला कोणी विचारत नव्हतं, त्या वर्षांतली गोष्ट. घाटंजीच्या रस्त्यावर माझी गाडी पंक्चर झाली आणि मी एका बाईच्या ओसरीत सावलीला टेकलो. ती पाट्यावर हिरवं वाटण वाटत होती. परसातला सांबार (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात), लसणाची पात, मिरच्या, जाडं मीठ. फवारलेल्या वावरातलं एक पानही त्यात नव्हतं. मधूनच ती वरवंटा थांबवायची, वास घ्यायची, नाक मुरडून पुन्हा वाटायची.

मी आगाऊपणे म्हटलं, "मिक्सरमध्ये लवकर झालं असतं."

वाटून झाल्यावर भाकरीवर गोळा ठेवून तिनं माझ्यापुढे धरला.

"कापूस इकाले नेला का व्यापारी हात घालून खोट काढतेत. ओला हाय म्हनतेत, पिवळा हाय म्हनतेत. आता याच्यात काढून दाखवा, भाऊ."

मी खाल्लं. डोळ्यांतून पाणी आलं, तरी दुसरा घास घेतला. शोधूनही खोट सापडेना. तसं कबूल केलं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली आणि पाटा धुवायला उठली.