जायफळाची कडक कॉफी

सांगायची लाज वाटते, पण तुम्ही घरचेच. माझ्यासारखा गाढव अख्ख्या दूधविनायक मोहल्ल्यात सापडायचा नाही.

बायकोच्या गाण्याला मी झोपतो. मुद्दाम नाही हो, सूर लागला की डोळे आपले मिटतात. त्यात यंदा संकठा घाटावर सकाळी तिचं पहिलं जाहीर गाणं. माधवीनं आदल्या दिवशीच बजावलं, "अहो, या वेळी डुलकी काढलीत, तर पुन्हा कधी गायला बसणार नाही मी."

आता आली का पंचाईत? म्हणून पहाटे उठून कडक कॉफी करायला घेतली. लेकीनं त्यासाठी एक भांडं पाठवलंय. खाली पाणी, मधल्या चाळणीत पूड, गॅसवर ठेवलं की कॉफी आपोआप वर चढते म्हणे. कडक हवी म्हणून मी पूड दाबून दाबून भरली. पहिल्यांदा नुसतीच वाफ. दुसऱ्यांदा अर्धा ओटा काळा. तिसऱ्यांदा कॉफी आली, ती काढ्याहून कडू.

आमच्याकडे जायफळाशिवाय कॉफी होत नाही. चिमूटभर पुरतं, पण एवढ्या कडूला चिमटीनं काय होणार? अर्धं जायफळ किसून टाकलं, दूध-साखर घातली आणि थर्मास भरून घाटावर नेला.

रामनगरहून आलेले तबलजी पांडेजी जांभया देत बसले होते. मला दया आली.

"पांडेजी, पीजिए. नींद भाग जाएगी."

"वाह भाईसाहब, थोड़ी और दीजिए."

ते दोन कप प्यायले, मी तीन.

माधवी गायला बसली. मी पहिल्या रांगेत, ताठ. थोडा वेळ डोळे टक्क उघडे होते. मग तबला जरा सावकाश वाजतोय असं वाटलं. पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा लोक चपला शोधत होते. पांडेजी तबल्यावर डोकं टेकून गाढ झोपले होते.

घरी आलो. माधवीनं आधी थर्मास हुंगला.

"किती जायफळ घातलंत?"

"अर्धं."

"लेक तान्ही असताना झोपायची नाही, तेव्हा काय उगाळून चाटवायचो आपण?"

जायफळच की! मी कपाळावर हात मारला.

"मग आता गाणं सोडणार तू?" मी भीत भीत विचारलं.

तिनं मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावलं. तबला मंदावत मंदावत थांबला. गाणं मात्र चालूच, आणि मागे एक संथ, नेमका ठेका. खर्र... खर्र...

"सोडते कशाला?" ती म्हणाली. "एक मात्रा चुकला नाहीत तुम्ही. पुढच्या वेळी पांडेजींना बोलावतच नाही. तुम्हीच कॉफी पिऊन पुढे बसा."