राहिलेलं एक बेअरिंग

लॉकडाऊनमध्ये ताई पुण्याहून घरी आली तेव्हा टेम्पोतून तिच्या दोन बॅगा उतरल्या आणि मागून एक सायकल. आईनं सायकलीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, ही मोडलेली हाय का? तिला तसं वाटणं साहजिक होतं. सायकलीचा सांगाडा एकसंध नव्हता. पुढचा भाग वेगळा, मागचा वेगळा, मध्ये बिजागऱ्या, आणि दोघांना जोडणारा मोटारसायकलसारखा शॉकअप. खड्ड्यातून जाताना मागचं चाक आपल्यापुरतं वरखाली होतं, वर बसणाऱ्याला दणका लागत नाही, असं ताईनं समजावलं. आई म्हणाली, मग बरं हाय, आणि आत गेली.

ताई दहावीनंतर होस्टेलला गेली तेव्हा मी सहावीत होते. नंतर तिचं कॉलेज, नोकरी. दिवाळीला यायची, चार दिवस राहायची. पाहुणीसारखी यायची आणि मीही तिच्याशी पाहुणीशी बोलावं तसंच बोलायचे. त्यामुळे ती घरी राहायला आली तेव्हा आम्हा दोघींना एकमेकींची सवयच नव्हती. ती माळवदावर छत्री लावून लॅपटॉपवर काम करायची, आणि मी औंढ्यातलं माझं मेडिकल सांभाळायचे. देऊळ बंद, यात्रेकरू नाहीत, दुकानं अर्धी बंद. एवढं शांत औंढा मी कधी पाहिलं नव्हतं.

मग एका सकाळी ती म्हणाली, चल माझ्यासंगं. ती तिच्या सायकलवर, मी माझ्या शाळेतल्या जुन्या सायकलवर. डोंगराच्या पायथ्याला माझी सायकल बाभळीला टेकवायची आणि पुढची चढण दोघींनी मिळून एकच सायकल ढकलत चढायची. वरून उतरायला मात्र पाळी लागायची. एकदा ती, एकदा मी. पहिल्यांदा मी उतरले तेव्हा वाटेतल्या एकुलत्या एका दगडाला जाऊन धडकले. ती धावत आली, माझा गुडघा पाहिला आणि म्हणाली, "दगडाकडं बघू नको. त्याच्याकडं बघितलं की चाक तिकडंच जातं. जायचं तिकडं बघ." गुडघ्याला पट्टी मीच बांधली, पण पाणी तिनं ओतलं.

असं जवळजवळ दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत मला बहीण मिळाली, असं मी म्हणते तेव्हा लोकांना ते बोलण्यापुरतं वाटतं. पण खरंच तसं झालं. तिला भाजीत कोथिंबीर चालत नाही हेसुद्धा मला तेव्हा कळलं.

पुढं तिच्या कंपनीनं तिला नेदरलँडला पाठवलं. सायकल न्यायचा विषय निघाला तेव्हा ती हसली. म्हणाली, तिथं डोंगरच न्हाईत, ही इथंच बरी. मी ठीक म्हटलं. दर शनिवारी मी एकटीच जायला लागले. आता पाळी लावायची नव्हती, त्यामुळे उतरणी सगळ्या माझ्याच. त्या पटकन संपायच्या.

मागच्या वर्षी पावसाळ्यात सायकल कुरकुरायला लागली. चढावर पायडल दाबलं की खालून करकर यायची आणि वळणावर मागचं चाक माझ्यामागून थोडं उशिरा वळल्यासारखं वाटायचं. गावातल्या सायकलवाल्यानं चाक काढून घट्ट बसवलं, साखळीला तेल दिलं. एक दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शेवटी मी ताईला व्हिडिओ कॉल लावला. दुपारी माझं मेडिकल बंद असतं, तिकडं तेव्हा सकाळ असते.

तिनं मला एका हातानं सांगाडा धरायला लावला, दुसऱ्या हातानं मागचं चाक डावीउजवीकडं हलवायला लावलं. चाक हललं. मग तिनं बिजागरीच्या फटीवर बोट ठेवून तेच करायला सांगितलं.

"बोटाला हलताना लागतंय का?"

"लागतंय."

"मग चाकाचं काही न्हाई. बिजागरीतली बेअरिंगं गेलीत."

प्रत्येक बिजागरीत दोन्ही बाजूंनी अंगठीएवढी बेअरिंगं असतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. तिनं आधी शॉकअप सोडवायला सांगितला. तो निघाल्यावर मागचा भाग हातानं वरखाली केला. ताई म्हणाली, तो दारासारखा अलगद फिरला पाहिजे. माझ्या हातात मात्र जात्यात खडा आल्यासारखं लागत होतं. एकेक बोल्ट काढत गेले. आतून तांबडं पाणी आलं आणि वाळलेली काळी माती. एका बेअरिंगच्या गोळ्यांचा नुसता भुगा झाला होता. ओसरीत जुनी चादर अंथरून मी सगळे भाग काढले त्या क्रमानं मांडले. आई चहा घेऊन आली, चादरीकडं पाहून तिनं एवढंच विचारलं की हे परत जुळतं ना.

बेअरिंगं आणायला मी हिंगोलीला गेले. शेतातल्या मोटारींची बेअरिंगं विकणारं एक जुनं दुकान आहे, तिथले चाचा गल्ल्यावर बसले होते. त्यांनी माझी गंजलेली बेअरिंगं तळहातावर घेऊन मापली आणि ही कशाची म्हणून विचारलं. सायकलची, म्हटल्यावर त्यांनी आणखी एकदा मापली. बहुतेक सगळी त्यांच्याकडं निघाली. एक माप नव्हतं. "वो नांदेड से मंगाना पडेंगा, बेटी. थोडी तकलीफ होगी, थोडा रुक जाव." मी थांबते म्हटलं. मला कसली घाई नव्हती.

घरी मी मिळालेली बेअरिंगं बसवायला घेतली. त्यासाठी वेल्डिंगवाल्याकडून आटे पाडलेली एक सळई आणि जाड वॉशर आणले होते. सळई बिजागरीतून आरपार घालायची, दोन्हीकडं वॉशर आणि नट लावायचे, आणि नट आवळत नेला की बेअरिंग हळूहळू आत सरकतं. ताई तिकडून बघत असायची. बाहेरच्या कड्यावरच दाब दे, आतल्यावर न्हाई, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की शेवटी आईच आतून म्हणाली, कळलं तिला. पहिलं बेअरिंग तिरकं गेलं, ते काढून पुन्हा बसवलं. ग्रीस भरायला मी मेडिकलमधली सिरिंज वापरली आणि हातात मोजे घातले. ताईला ते फार आवडलं. ऑपरेशन चालू हाय का, म्हणाली.

हात कामात असले की बोलणं सोपं जातं. फोन डब्याला टेकवून ठेवलेला, मी बोल्ट पुसते आहे, ती तिकडं नाश्ता करते आहे, असं रोज व्हायला लागलं. पहिल्या हिवाळ्यात दुपारीच अंधारून यायचं तेव्हा ती दिवसभर दिवे लावून बसायची, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. आईला तिनं सगळं छान आहे असंच कळवलेलं होतं. ऑफिसात तिचं नाव कुणालाच नीट घेता यायचं नाही. "कुणी हाक मारली तरी मला वाटतं, दुसऱ्या कुणाला तरी मारली," ती म्हणाली. मी नट आवळायची थांबले. ती म्हणाली, आवळ आवळ, मध्येच सोडू नको.

नांदेडची बेअरिंगं आली. मी ती बसवली. एक मात्र बसवलं नाही. ताईला सांगितलं की ग्रीस संपलंय. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तापाची साथ आहे, दुकानात फार गर्दी आहे. साथ खरीच होती, पण दुपारी दुकान बंदच असायचं आणि मी ओसरीत त्या सायकलीजवळच बसलेली असायचे. आईनं एकदा विचारलं, अजून व्हायचंच का? व्हईल, म्हटलं.

एका दुपारी ताई म्हणाली, कॅमेरा खाली कर, बघू दे. मी फोन फिरवला. बाकीच्या बिजागऱ्या पुसून बंद केलेल्या होत्या. बाजूला वाटीत ते एक नवं बेअरिंग कागदासकट ठेवलेलं होतं, आणि त्याच्याशेजारी ग्रीसचा भरलेला डबा.

मग तिनं विचारलं, "एक काहून ठेवलंस?"

मी वाटी उगीच इकडची तिकडं केली. मग जे होतं ते सांगितलं. "ते बसलं की तू फोन कशाला करशील?"

तिच्या मागच्या खिडकीतून ट्राम गेली. ताईनं मान वळवून तिकडं पाहिलं.

"बसव," ती म्हणाली. "मी उद्या करते. कामाशिवाय करते."

मी ते बसवलं. सरळ गेलं. शॉकअप जोडला, मागचा भाग उचलून सोडला. ताईला दाखवलं. दारासारखं फिरतंय, ती म्हणाली.

तिनं शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी फोन केला, तिसऱ्या दिवशीही. बोलायला काम नव्हतं तर आम्ही उगीचच बोललो, आईनं काय केलं, तिनं काय खाल्लं. पण हळूहळू तिच्या मीटिंगा सकाळी यायला लागल्या, इकडं हळद काढणीच्या दिवसांत गिऱ्हाईक वाढलं आणि माझा दुपारचा वेळही दुकानातच जाऊ लागला. फोन आठवड्यावर आले. यंदा दिवाळीला ती येणार होती, नंतर कळलं की येणं जमत नाही. तिनं तिकडं घर भाड्यानं घेतलंय, मोठं, दोन खोल्यांचं. एक खोली तुझी, म्हणते. मी हो म्हणते. पासपोर्टचं बघू म्हणते.

गेल्या शनिवारी थंडी चांगली होती. मी उजाडतानाच निघाले. चढणीला सायकलीचा काहीच आवाज नव्हता, फक्त माझ्या श्वासाचा होता. वर माळावर एक म्हातारी मेंढ्या घेऊन उभी होती. मी थांबून पाणी प्यायले तशी ती जवळ आली आणि माझ्याकडं निरखून पाहत म्हणाली, पहिले दोघी यायच्या तुमी.

"ती उंच पोरगी कुठं हाय?"

परदेशात, कामाला, असं मी सांगितलं. सासर तिकडंच का, तिनं विचारलं. नाही म्हटलं, एकटीच राहते.

म्हातारीनं थोडा विचार केला. "मंग तिला म्हणावं, येऊन जाय एकडाव."

म्हणते, असं मी सांगितलं. तिनं काठी उचलली आणि मेंढ्या पलीकडच्या उतारावर वळवल्या. मी खिशातून फोन काढला. तिकडं अजून उजाडायचं होतं, ताई झोपलेली असणार. फोन परत खिशात ठेवला, हेल्मेटचा पट्टा आवळला आणि खाली निघाले.