सव्वा तासाचं विमान

वरवट बकालच्या स्टँडवर काळीपिवळी जीपचा ड्रायव्हर बोनेटला टेकून निवांत सुपारी कातरत होता. मला शेगावहून नागपूरची रेल्वे गाठायची होती आणि तिथून पुण्याचं विमान. उद्या मुलाखत होती.

"काका, निघायचं का? नागपूरहून पुण्याचं विमान आहे माझं," जीपमध्ये बसल्या बसल्या मी विचारलं.

"एक सीट कमी हाये, ताई. नागपूरहून पुण्याले इमान किती टाइम घेते?"

"सव्वा तास."

"अन् सीटा भरल्याबिगर निघते?"

"हो. वेळ झाली की निघतं."

त्याने कीव आल्यासारखं पाहिलं. "असा धंदा किती दिवस चालन?"

पुणं सव्वा तासावर होतं. शेगाव मात्र एका माणसाएवढं लांब. वर्गात कधी हात वर न केलेली मी शेवटी खाली उतरले.

"शेगाव! एकच सीट!"

"जरा जोरात, ताई," सुपारीवरून नजर न काढता तो म्हणाला.