भाऊजींची बॅटरी

वाघीण झुडपातून निघाली तेव्हा माझा मुलगा दिलीप गाडीचं बोनेट उघडून वाकलेला होता. त्याची पाठ तिच्याकडे. मागच्या सीटवर माझी सून शालू आडवी होती, पाणी फुटलेलं, डोकं माझ्या मांडीवर. मी काचेतून सगळं पाहत होते. काच ठोकली, पण त्याला ऐकू गेलं नाही. वाघीण दबकत आली, मग धावली... आणि गाडीपासून दोन-तीन बैलांच्या लांबीएवढ्या अंतरावर एकदम मागे उलटली. नाकावर कोणी चटका द्यावा तशी. तिच्यापुढे काहीच नव्हतं — काठी नाही, दोरी नाही, मोकळा रस्ता. भर दुपारचं ऊन होतं, म्हणून म्हातारीला नीट दिसलं नसेल असं कोणी म्हणू नये.

मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. भूतखेत कधी मानलं नाही. गावात कोणाच्या अंगात आलं की मी म्हणायची, हिला दोन दिवस धानाच्या रोवणीला पाठवा, आपोआप उतरते. तुमच्या या पानावर लोक लिहितात ते माझी पुतणी मला वाचून दाखवते, आणि त्यातलं निम्मं मला खोटं वाटतं. माझंही तुम्हाला तसंच वाटलं तर मी भांडायला येणार नाही. जसं झालं तसं लिहिते.

आमचं गाव चामोर्शी तालुक्यात, जंगलाला अगदी खेटून. शेती धानाची. रानडुकरं एका रात्रीत बांधी, म्हणजे धानाचं अख्खं खाचर, लोळवून टाकतात, म्हणून शेताभोवती तार ओढून झटका मशीन लावलेली. मशीन टक... टक... वाजत राहते आणि दर टकेला तारेत झटका येतो. त्यानं जीव जात नाही, पण जनावर मागे फिरतं. ती बॅटरीवर चालते, आणि बॅटरी आमच्याकडे एकच — दिलीपच्या जीपगाडीची. दिवसा तो बाजाराच्या सवाऱ्या मारायचा. संध्याकाळी माझे दीर, सुखदेव भाऊजी, पाना घेऊन ती काढायचे, खांद्यावर गमछ्याची चुंबळ करून शेतावर न्यायचे आणि सकाळी आणून परत गाडीला जोडायचे. रात्री शेताला, दिवसा गाडीला. भाऊजींनी लग्न केलं नव्हतं. दिलीप चिडवायचा, "काकाजी, बायको नाई म्हणून बॅटरी घेऊन निजता काय?" भाऊजी म्हणायचे, "हे बोलत नाई ना बाबू, हेच बरं हाय."

धान कापायला आला होता तेव्हा शेजारच्या गावी मंडईची जत्रा भरली. रात्रीच्या नाटकाला जाणाऱ्या लोकांनी दिलीपची गाडी ठरवली. त्यानं बॅटरी मागितली. भाऊजी म्हणाले, ने, एका रातीनं का होते. काठी आणि टॉर्च घेऊन ते शेतावर गेले. सकाळी बांधाखाली सापडले. वाघानं मानेला धरलं होतं. त्यापुढचं लिहीत नाही. दिलीपला कोणी काही म्हटलं नाही. त्यानं मशीन घरी आणून खुंटीला टांगली, तार तिथेच राहिली.

तेरवी झाली आणि बॅटरीचा त्रास सुरू झाला. संध्याकाळी गाडी चांगली यायची, सकाळी किल्ली फिरवली की काही नाही. लाइटही लागायचा नाही. चार माणसं बोलवायची, बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, उतारावर ढकलायची, तेव्हा चालू व्हायची. दिलीपनं नवी बॅटरी घेतली. तीही सकाळी मेलेली.

चामोर्शीच्या इलेक्ट्रिशियननं गाडी दिवसभर ठेवून घेतली. सोबत मीही होते, बाजार करायचा होता म्हणून. त्यानं तार सोडवून मध्ये मीटर लावला, एकेक फ्यूज काढून पाहिला. करंट कुठंच गळत नव्हता. डायनामाही बरोबर चार्ज देत होता. शेवटी पुसायच्या फडक्याला हात पुसत तो मला म्हणाला, "बाई, गाडी चांगली हाय. राती तुमच्याकडे कोणी हिची बॅटरी पिऊन राह्यलं काय?" सगळे हसले. मीही हसले. त्यानं सांगितलं, रात्री टर्मिनल काढून ठेवत जा. तसं केलं. सकाळी मेलेली.

मग मी म्हटलं, माझ्या खाटेखाली ठेव, पाहू कोण येतो ते. तार नाही, काही नाही, नुसती बॅटरी. रात्री खोलीत कोणी आलं नाही. माझी झोप कुत्र्याची आहे, उंदीर फिरला तरी उठते. सकाळी दिलीपनं बल्ब लावून पाहिला... लागला नाही.

त्याच आठवड्यात शेजारच्या बांधीचा नामदेव दारात आला. रागात होता. म्हणाला, "वयनी, मशीन लावाची तर सांगत जा ना. पहाटे माह्या बैलाले झटका बसला." मी त्याला आत नेलं आणि खुंटी दाखवली. मशीनवर कोळ्याचं जाळं होतं. तो चहा न घेता गेला.

मी तशीच शेतावर गेले. धान निघाल्यावर तिथे लाखोळीची डाळ पेरली होती. तारेत करंट आहे का हे आम्ही हिरवं गवत टेकवून पाहतो. गवतातून झटका हलका येतो. मी एक काडी तोडली आणि तारेला टेकवली. टक... कोपरापर्यंत. परत टेकवली. परत टक. तारेची दोन्ही टोकं माझ्यासमोर मातीत पडली होती, कशालाच जोडलेली नव्हती. मी काडी टाकून दिली. घरी येऊन मी कोणाला सांगितलं नाही. शालू पोटुशी होती, आणि दिलीप आधीच जेवत नव्हता. नामदेवच्या बायकोनं पुजाऱ्याला विचारायला सांगितलं. मी म्हटलं, मेलेल्या माणसाला बॅटरी कशाला लागते?

मोहाची फुलं पडू लागली तेव्हा शालूला दिवस भरायच्या आधीच कळा आल्या. दवाखान्याची सरकारी गाडी दुसऱ्या गावाला गेलेली. आमचीच काढली. लोकांनी उतारावर ढकलली, चालू झाली. मी दिलीपला बजावलं, आता दवाखान्यापर्यंत बंद करू नको.

सागाच्या जंगलात वळणावर वाघीण रस्त्यात बसलेली होती. आणि दिलीपनं किल्ली फिरवून गाडी बंद केली. त्याला दोष देऊ नका. आमच्याकडे लहानपणापासून हेच शिकवतात, की वाघ आडवा आला तर गाडी बंद करून चूप बसा, तो आपल्या वाटेनं जातो. त्याचा हात डोक्याच्या आधी गेला. वाघीण उठली, झुडपात गेली. दिलीपनं किल्ली लावली. काही नाही. कट असासुद्धा आवाज नाही. मोबाइलला रेंज नव्हती. तो खाली उतरला, बोनेट उघडून टर्मिनल ठोकू लागला. तेव्हा ती परत आली, ते वर लिहिलंच आहे.

ती मागे उलटली तसा दिलीप वळला. दोघं एकमेकांना पाहत उभे. मग ती बाजूनं फिरली आणि दुसरीकडून आली. तितक्याच अंतरावर पंजा पुढे टाकला आणि गुरगुरत झटकून मागे घेतला. आणि मला ऐकू आलं. टक... टक... टक. जवळून नाही, दुरून नाही, सगळीकडून.

दिलीपनं बोनेट पाडलं, आत येऊन दार ओढलं. "माय, ऐकून राह्यली काय?"

"हो. चूप बस."

शालूनं विचारलं, "बाई, कायचा आवाज हाय?" मी म्हटलं, गाडी तापली की वाजते. ती कळ सोसत म्हणाली, "गाडी तर बंद हाय."

वाघीण गेली नाही. झडलेल्या सागाखाली बसली आणि आमच्याकडे पाहू लागली. तिला घाई नव्हती. आम्हाला होती. बाळ तिथेच झालं, मागच्या सीटवर. मुलगी. नाळ मी लुगड्याचा काठ फाडून बांधली, कापली नाही. पोरगी रडली तशी वाघीण उठून उभी राहिली, आणि टकटक जोरात वाजू लागली. मला पोरीची काळजी वाटली नाही, ती ठणठणीत होती. शालूचं रक्त थांबत नव्हतं. बाळंतपणं मी पुष्कळ पाहिली आहेत. हे रक्त चांगलं नव्हतं. तिचे ओठ पांढरे पडत होते, हाक मारली तर डोळे उघडत नव्हती.

मी दिलीपला म्हटलं, "हे मरते आता. काहीतरी कर."

त्यानं किल्ली फिरवली. काही नाही. परत फिरवली. मग त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं आणि बोलला. माझ्याशी नाही. भाऊजी गेल्यापासून त्यानं त्यांचं नाव काढलं नव्हतं.

"काकाजी, माह्यापासून चुकलं. आता गाडीले द्या."

टक... टक... आणि टकटक थांबली.

वाघिणीला मी भ्याले नव्हते तेवढी त्या शांततेला भ्याले. तिलाही कळलं. ती सरळ चालत आली. जिथून दोनदा परत फिरली होती ती जागा तिनं ओलांडली, तिला काही झालं नाही. मी पोरीला पोटाशी धरलं आणि डोळे मिटले. स्टार्टर फिरला. पहिल्याच किल्लीला. गाडी सुटली तेव्हा मागच्या काचेवर धाडकन पंजा बसला, काच तडकली. दिलीपनं दवाखान्यापर्यंत मागे पाहिलं नाही.

शालूला रक्त चढवलं, टाके घातले. पुढे त्याच इलेक्ट्रिशियनला गाडी दाखवली. बॅटरी भरलेली, नव्यासारखी. टर्मिनल लूज असेल, ठोकल्यानं बसलं असेल, म्हणाला. असेल. त्याला तारेचं सांगितलं नाही.

तेव्हापासून बॅटरी उतरत नाही. मी शेतावर जाऊन तारेला गवत लावून पाहिलं — काही नाही. बराच वेळ धरून उभी राहिले, तरी नाही. आता पहाटे तिकडे एकटं जायची मला भीती वाटते, ती आधी वाटत नव्हती. हे सगळं काय होतं ते मला माहीत नाही. दिलीपला विचारलं तर तो उठून जातो. कोणाला समजत असेल तर सांगा. पूजा घाला असं मात्र सांगू नका.

त्या गाडीत आम्ही तिघं बसलो होतो आणि चौघं उतरलो. मी, दिलीप, शालू आणि पोरगी. चौघंही जिवंत आहोत.