दाराजवळची खुर्ची

सलूनमधली दाराजवळची खुर्ची दादांची आणि मधली धाकट्या भावाची, ही वाटणी वडिलांनी करून दिलेली. दाराजवळ उजेड चांगला, शिवाय रस्त्यावरून कोण कुणाबरोबर चाललंय तेही दिसतं. दादांना ही दुसरी सोय जास्त प्रिय होती. गिऱ्हाइकाची मान हातात आली की त्यांची चौकशी सुरू व्हायची. काल कोण आलं होतं, केस एकाएकी का रंगवले, सुनेशी पटतंय ना? लोक त्यांना माघारी ‘फौजदार’ म्हणत.

साठी उलटल्यावर या फौजदारावर स्वतःचंच काही लपवायची पाळी आली. दाढी अर्ध्यावर असतानाच घाई व्हायची. “गरम पाणी आणतो,” म्हणून ते मागच्या दाराने संडासात जायचे आणि तिथे नुसतेच उभे राहायचे. धार बारीक, मध्येच थांबणारी. परत येऊन वस्तरा उचलला की पुन्हा तेच. गरम पाणी आणायला गेलेला माणूस रिकाम्या हाताने येतो, हे गिऱ्हाइकांनीही एव्हाना ओळखलं होतं.

एकदा ते परत आले तर खुर्ची रिकामी. त्यांचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक असलेला पोस्टमन धाकट्याच्या खुर्चीत बसला होता.

“फेस वाळत होता, दादा,” धाकटा म्हणाला. “एकदा डॉक्टरला दाखवून ये ना. तोवर मी बघतो सगळं.”

‘सगळं’ हा शब्द दादांच्या घशाखाली उतरेना. घरी येताच ते बायकोला म्हणाले, “त्याला पुढची खुर्ची हवीय.”

“अहो, त्याला तुमची काळजी वाटते.”

“तुला कसं कळलं? भेटला होता?”

“काल तुमच्याच शेजारी बसून जेवून गेला की!”

दादांनी मान हलवली, पण मनातली पाल चुकचुकत राहिली. डॉक्टरकडे गेलो की तो झोपवणार, आपण झोपलो की हा खुर्चीत बसणार, असा त्यांचा हिशेब होता. म्हणून त्यांनी स्वतःच उपाय काढला. चहा बंद केला आणि पाणी नुसतं ओठाला लावायला सुरुवात केली. लघवीला आग व्हायला लागली, तर त्याचा दोष त्यांनी बायकोच्या स्वयंपाकाला दिला.

त्यात सर्दी झाली. गळ्यावर वस्तरा धरून शिंकणारा न्हावी कुणाला हवा? त्यांनी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणल्या. डॉक्टरवर त्यांचा विश्वास नव्हता, पण सर्दीच्या गोळीत काय कपट असणार?

दुसऱ्या दिवशी सकाळपासून एक थेंब होईना. दुपारपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं. तरी दादा खुर्चीची पाठ धरून उभेच.

“दादा, वस्तरा खाली ठेव.”

“का? तुला हवाय?”

एवढं बोलले आणि गुडघ्यांतून वाकले. धाकट्याने दुकान तसंच उघडं टाकून त्यांना रिक्षात घातलं.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने नळी घातली आणि पिशवी भरू लागली. दादांच्या डोळ्यांना पाणी आलं. जिवाला आराम पडताच त्यांची नजर डॉक्टरच्या हनुवटीवर गेली.

“इथे कापलंय. दाढी कुणी केली?”

“मीच, घाईत. काका, नवीन गोळी कुठली घेतलीत?”

“साधी सर्दीची.”

“तिनेच अडवलं. वयाबरोबर प्रोस्टेटची गाठ वाढते आणि लघवीची वाट दाबते. अशा माणसाला सर्दीच्या काही गोळ्या भारी पडतात.”

“कॅन्सर नाही ना?”

“तपासल्याशिवाय मी ‘नाही’ म्हणणार नाही.”

गोड बोलून गुंडाळणारा नाही, अशी दादांनी मनात नोंद केली. तपासण्यांत कॅन्सर निघाला नाही. काही दिवसांनी नळी निघाली आणि रोजची गोळी सुरू झाली.

ते दुकानात परतले तेव्हा दाराजवळ खुर्ची नव्हती. तिथे गिऱ्हाइकांचं बाकडं होतं. झालं! म्हणजे आपला संशय खराच होता. पण धाकट्याची खुर्ची? दादा खाली वाकले. ती जुन्याच जागी होती, बोल्टांभोवतीचा मळही जुनाच. त्यांची खुर्ची मागच्या दाराला लागून बसवली होती आणि वर नवा दिवा होता.

“पुढे तू का नाही आलास?”

“मला कुणाची चौकशी करायचीय?”

“इथून रस्ता दिसत नाही,” दादा पुटपुटले.

“आरसा तिरका लावलाय. बघ तरी.”

दादांनी पाहिलं. आरशात अख्खा रस्ता होता, आणि रस्त्यावरून पोस्टमन येत होता. तो आत आला तेव्हा धाकट्याने बोटाने मागची खुर्ची दाखवली. दादांनी फेस लावला, वस्तरा उचलला आणि ते थांबले. चादरीखाली पोस्टमनचे पाय हलत होते.

“रात्री किती वेळा उठता?”

“हे काय विचारणं झालं, फौजदार?” पोस्टमन बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

दादांनी वस्तरा ठेवला, चादर काढली आणि पायाने मागचं दार ढकललं.

“आधी जाऊन या. फेस मी परत लावतो.”